आभाळाला लागलेल्या मुंग्या

जुन्या चित्रावरची काजळी माणसाच्या थुंकीने निघते असे सांगितले की लोक आधी हसतात, मग नाक मुरडतात आणि शेवटी आवाज उतरवून विचारतात, "खरंच?" वैद्यबाई या तिन्ही पायऱ्यांची वाट पाहत नसे. "खरंच," ती आधीच सांगून मोकळी होई, "आणि तुमच्या तोंडात आत्ता आहे ती सगळ्यात चांगली. बाटलीतली नव्हे."

चित्रसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिथे पाहणाऱ्यांची पावले कधी पोहोचत नाहीत, तिथे तिची खोली होती. उत्तरेकडे एकच उंच खिडकी, आणि तिच्यातून येणारा उजेड दोनशे वर्षे तसाच, कोणाची भीडभाड न ठेवणारा. लांब टेबलावर बरण्या, बरण्यांत कापूस, कापसाशेजारी लाकडाच्या बारीक काड्यांच्या जुड्या. भिंतीकडे तोंड करून टेकलेली चित्रे शिक्षा झालेल्या मुलांसारखी निमूट उभी असत. तिचे खरे नाव आता हजेरीपटापुरतेच उरले होते. आजारी चित्रे बरी करणारी म्हणून चित्रे टांगणाऱ्या टोळीच्या मुकादमाने एकदा तिला वैद्यबाई म्हटले, आणि ते नाव रंगावर रोगण बसावे तसे बसून गेले.

सध्या खोलीची सगळी रुंदी एकाच रोग्याने अडवली होती. दोन माणसांनी हात पसरले तरी पुरे पडू नयेत एवढे ते चित्र. खाली नदीचा काठ, नावेची वाट पाहणारी चार-पाच माणसे, एक गाठोडे, आणि वर, चित्राचा तीन-चतुर्थांश भाग व्यापून, नुसते आभाळ. निदान आभाळ असावे असा सर्वांचा अंदाज. शंभर वर्षे ते मोठ्या दालनात शेगडीच्या वर टांगलेले होते. तेलाच्या दिव्यांनी आणि कोळशाने त्यावर जी काजळी चढवली, तिच्याखाली आभाळ होते की डोंगर होता हे सांगणारे कोणी उरले नव्हते. पुढे ते तळघरात गेले. आणि तळघरातून वर यायला चित्राला एक पिढी लागते, हे या इमारतीत सर्वांना ठाऊक होते.

वैद्यबाईने त्याच्यासाठी अकरा वर्षे अर्ज केले. शेवटी संचालकसाहेबांनी मान डोलावली ती अटीवर. मोठ्या दालनाची लांब भिंत रिकामी होणार होती. दालन शनिवारी सकाळी दहाला लोकांसाठी उघडणार होते. "शनिवारी चित्र भिंतीवर," साहेब म्हणाले होते, "नाहीतर पुन्हा तळघरात. भिंत मी रिकामी ठेवू शकत नाही, आणि अर्धं काळं, अर्धं निळं आभाळ तर मुळीच लावू शकत नाही."

चित्रकाराने रंगात काय कालवले होते देव जाणे. औषधी द्रव लावला की काजळीबरोबर रंगही सुटू लागे. साध्या पाण्याला काजळी दाद देत नसे. बाटलीतली कृत्रिम लाळ मागे दुधाळ झाक सोडी. चालत होती ती एकच गोष्ट. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, जिभेवरून फिरवायचा, आणि चित्रावर तळहाताएवढ्या चौकोनात हलकेच लोळवायचा. कापूस तपकिरी होऊन परते आणि त्याच्यामागे एक निळा तुकडा उजाडे, पहाटे कोणी दार किलकिले करावे तसा. मग दुसरी काडी शुद्ध पाण्याची, चौकोन धुऊन घ्यायला. मग पुढचा चौकोन. चित्राच्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर सगळे चौकोन आखलेले होते आणि प्रत्येक चौकोनात ती तारीख घालून खूण करी. नऊ आठवड्यांत आभाळ उतरत उतरत उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आले. आता चाळीसएक चौकोन उरले होते. बुधवार होता. आणि तिला सर्दी झाली.

सर्दीचे काही नव्हते. घात केला तो गोळीने. तिची थोरली बहीण औषधाच्या दुकानात होती; दोघी एकाच घरात राहत, आणि ताईच्या मते जगात गोळीने न सुटणारा प्रश्नच नव्हता. गोळीने नाक वाहायचे थांबले, आणि त्याबरोबर तोंडाचा झराही.

"ताई, जीभ लाकूड झालीय माझी," तिने फोनवर सांगितले.

"मग नाक वाहतंय का?"

"नाही."

"मग गोळी चांगली आहे. पाणी पी."

"पाण्याने लाळ येत नाही गं! मला काम आहे तिचं!"

"एवढं शिकवलं आईबाबांनी," ताई उसासा टाकून म्हणाली, "ते थुंकायला. गोळी बंद कर. उद्या संध्याकाळपर्यंत उतरेल."

उद्या संध्याकाळ म्हणजे गुरुवार गेलाच. तिने अर्धे लिंबू कापून समोर ठेवले आणि त्याच्याकडे टक लावून बसली. एरवी नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटायचे. आज लिंबू तिच्याकडे पाहत राहिले आणि ती लिंबाकडे. दोघांपैकी कोणालाच पाझर फुटेना.

"लिंबाशी भांडण झालंय का, बाई?" दारातून मुकादमाने विचारले. तो शनिवारसाठी चित्राची मापे घ्यायला आला होता: आडवा-तिडवा, हात दोरखंडासारखे, पण चित्र उचलताना झोपलेले मूल उचलावे तसे उचलणारा.

तिने सगळे सांगितले. मुकादमाने मिशीवर हात फिरवला.

"म्हणजे अडलंय ते थुंकीपाशी?"

"थुंकीपाशी."

"अहो, आमच्या पोरांना दिवसभर 'थुंकू नका' म्हणून ओरडून माझा घसा बसतो. उद्या 'थुंका' म्हणून सांगतो, बघा कसे धावत येतात."

ती हसली, मग हसता हसता थांबली. वाईट कल्पना नव्हती. लाळ ती लाळ; काडी चित्राला लावणारा हात तेवढा तिचा असला म्हणजे झाले. त्याच दुपारी तिने दारावर कागद डकवला. यायच्या आधी अर्धा तास खाणे-पिणे बंद, तंबाखू, चहा आणि गोड यांना सक्त मनाई, तोंड तीनदा साध्या पाण्याने धुणे, कापूस जिभेवरून फिरवून काडी बाईंच्या हाती देणे, आणि चित्रापासून दोन हात लांब.

गुरुवारी सकाळी दारापाशी रांग लागली. मुकादमाची सहा माणसे, फरशी पुसणाऱ्या मावशी, ग्रंथालय सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाई, ज्या संचालकसाहेबांच्या पत्नी होत्या पण इमारतीत पाऊल टाकताच त्यांना 'साहेब' म्हणत आणि घरी गेल्यावर त्याची भरपाई करून घेत. दोनशे वर्षांत त्या वास्तूने राजेरजवाडे पाहिले असतील, पण माणसे इतकी गंभीर चेहरे करून तोंडात काड्या धरून उभी असलेली पाहिली नसतील.

"हं, बाई, घ्या," मावशी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला कळलं तर म्हणेल, तिच्या जिभेने रंग जातो हे मी लग्नापासून सांगतोय."

वैद्यबाई काडी घेई, लोळवी, टाकून देई, दुसरी घेई. प्रत्येकाच्या चौकोनात त्याचे आद्याक्षर लिही. तिला आधी वाटले होते की हे ओशाळवाणे होईल. झाले उलटेच. ज्याची काडी चित्रावर फिरे तो मान उंचावून पाही, आणि खालून निळे उजाडले की सगळी रांग एकदम "आहा" म्हणे. वर्षानुवर्षे ही माणसे चित्रांच्या पाठी वाहत होती, चित्रांखालची फरशी पुसत होती. एखाद्या रंगाच्या उजळण्यात आपलाही ओलावा असू शकतो, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

मुकादमाने अकरा काड्या दिल्या आणि तो विक्रम ठरला. त्याच सुमारास संचालकसाहेब आले. उंच, भारदस्त, नेहमी गळाबंद कोटात.

"मीही देणार," ते म्हणाले.

"साहेबांची थुंकी झेलणारे इथं आधीच कमी होते का," मावशी पुटपुटल्या, "की बाईंनाही त्या कामाला लावलं?"

खोकल्याची एक साथ रांगेतून फिरली. साहेबांनी ऐकले नसल्याचे दाखवले. "मुकादमाचे किती झाले?"

"अकरा, साहेब."

"अस्सं," साहेब म्हणाले आणि कोटाची बाही सारून कामाला लागले. चार काड्यांनंतर ते जरा बाहेर जाऊन आले, आणि मग एकापाठोपाठ एक अशा आठ दिल्या. बारा. मुकादमाने सलाम ठोकला.

दिवस मावळतीला लागला तेव्हा उजव्या कोपऱ्यात सहाच चौकोन उरले होते. पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत फेऱ्या मारू लागला. साहेबांचे चौकोन, शेजारचे मावशींचे, ग्रंथपालबाईंचे, असे दीड ओळभर चौकोन पाण्याने धुवायचे राहिले होते. तिचे खांदे भरून आले होते. सकाळी पहिल्या उजेडात धुऊ, तिने मनाशी म्हटले. पंचवीस वर्षांत तिने चौकोन न धुता कधी दार लावले नव्हते. पण आनंदाने माणूस जेवढा बेसावध होतो, तेवढा दुःखाने होत नाही.

शुक्रवारी सकाळी तिने दार उघडले, आणि उंबऱ्यातच तिचे काळीज हरखले. आभाळात, उजव्या अंगाला, पक्षी होते. दूरवर निघालेल्या पक्ष्यांची बारीक, काळी, किंचित वळण घेतलेली रांग. काजळीखाली चित्रकाराने पक्षी काढले होते, आणि काल संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते तिला दिसलेच नव्हते! ती दोन पावले पुढे आली. एक पक्षी मागे वळला आणि दुसऱ्याशी डोके लावून काहीतरी बोलला.

"मुंग्या," ती स्वतःशीच म्हणाली.

चित्रावर जीव दिसला की काय करायचे याबद्दल नियम एकच होता. कीटकनिरीक्षकाला बोलवायचे. संग्रहालयात त्यांना सगळे किडेकाका म्हणत: सुकलेल्या शेंगेसारखे, खिशात भिंग, कानामागे पेन्सिल. त्यांनी भिंग लावून रांग पाहिली आणि चेहऱ्यावर कौतुक दाटले.

"सुंदर चालतायत. शिस्त बघा."

"काका, उद्या दहाला हे चित्र भिंतीवर जायचंय."

"जाईल किंवा जाणार नाही. प्रश्न एकच आहे, बाई. या पाहुण्या आहेत की भाडेकरू?" त्यांनी टॉर्च घेऊन चित्राची पाठ, चौकटीचे सांधे, कोपऱ्यातल्या खुंट्या तपासल्या. "मागे बिऱ्हाड दिसत नाही. पण 'दिसत नाही' हे मला वहीत लिहिता येत नाही. कशासाठी आल्या ते कळलं, तर पाहुण्या. नाही कळलं, तर भाडेकरू समजून चित्र एकवीस दिवस प्लास्टिकात, अलग खोलीत. नियम साहेबांनीच केलाय."

एकवीस दिवस. म्हणजे भिंत दुसऱ्याची. म्हणजे तळघर. म्हणजे तिच्या हयातीत हे आभाळ पुन्हा उजेडात येणे नाही.

"चूक माझी," ती म्हणाली. "काल मी शेवटचे चौकोन धुतले नाहीत."

"थुंकीला मुंगी लागत नाही, बाई. गोडाला लागते. तोंडात गोड कोणाच्या होतं?"

तिने पारदर्शक कागद आणला आणि मुंग्यांच्या वाटेशेजारी धरला. न धुतलेल्या दीड ओळीत मावशींचे चौकोन मुंग्यांनी ओलांडलेही नव्हते. ग्रंथपालबाईंच्या चौकोनांना त्या शेजाऱ्याच्या कुंपणाला वळसा घालावा तसा वळसा घालून जात होत्या. त्या थांबल्या होत्या, घोळका करून, जिव्हाळ्याने, लागून असलेल्या आठ चौकोनांत. आठही चौकोनांत तिच्याच अक्षरात लिहिले होते: 'सं.'

तिने कागद पाठीमागे धरला, कारण तेवढ्यात दारात मुकादम, त्याची माणसे, मावशी, आणि त्यांच्यामागून स्वतः साहेब आले. सोबत ग्रंथपालबाई. मुंग्यांची बातमी मुंग्यांपेक्षा वेगाने पसरते.

साहेबांना साखर वर्ज्य होती. डॉक्टरांनी सांगितले होते म्हणून जितकी नव्हे, तितकी ग्रंथपालबाईंनी सांगितले होते म्हणून. घरी साखरेचा डबा दुर्मीळ ग्रंथांच्या शिस्तीने कुलपात असतो, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होते.

"काय म्हणतात काका?" साहेबांनी विचारले.

"कोणीतरी गोड खाऊन आलं होतं," किडेकाका म्हणाले. "कोण ते कळलं की मी सही करतो."

मुकादमाने आपल्या माणसांवर नजर फिरवली. "कोणी रे? खरं बोला. चित्राचा प्रश्न आहे."

"आईशप्पथ नाही, दादा! काल चहासुद्धा सोडला होता!"

"माझ्याकडे बघू नका," मावशी म्हणाल्या. "गोड मला बोलताही येत नाही."

कोणी हसले नाही. वैद्यबाई साहेबांकडे पाहत नव्हती. ती आभाळाकडे पाहत होती. एक शब्द, आणि चित्र वाचत होते. पण सगळ्यांच्या आणि विशेषतः त्यांच्या पत्नीच्या देखत, पांढऱ्या केसांच्या माणसाला मुंग्यांच्या साक्षीने उभे करायचे? काल त्या माणसाने तिच्यासाठी बाही सारली होती. अकरा वर्षे एका पारड्यात होती. दुसऱ्यात होता फक्त संकोच. पण संकोच वाटतो तेवढा हलका नसतो.

"वैद्यबाई," साहेब म्हणाले, "तुम्ही चौकोन लिहून ठेवता ना? तो कागद दाखवा."

"साहेब, त्यात काही विशेष नाही..."

"दाखवा."

तिने दिला. साहेबांनी कागद चित्राशेजारी धरला, चष्मा कपाळावर चढवला, उतरवला. खोलीत इतकी शांतता झाली की, किडेकाका नंतर सांगत, मुंग्यांची पावले ऐकू येत होती. साहेबांची मान हळूहळू गळाबंद कोटात उतरली.

"माझं तोंड होतं ते," ते म्हणाले. "लिंबाच्या गोळ्या. तीन."

"तीन?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

"पाच."

"कुठून आल्या?"

"अगं, मुकादमाचे अकरा झाले होते! माझं तोंड चारातच आटलं. संचालकाने चारावर थांबायचं? या लोकांसमोर? बाहेर जाऊन घेतल्या पाचही एकदम. गोळीने काय सुटलं पाणी... आठ काड्या सलग दिल्या मी!" बोलता बोलता त्यांच्या आवाजात पश्चात्तापाच्या जागी अभिमान शिरला, आणि तो त्यांना लपवता आला नाही.

ग्रंथपालबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग मुंग्यांकडे. "तीस वर्षं मी यांचे खिसे तपासतेय, काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या या बायांना एक रात्र पुरली. यांना माझ्या खात्यात घेता येतील का?"

मुकादमाने आधी हसू दाबून पाहिले. त्याच्या एवढ्या देहात ते मावेना. मग सगळी खोली हसली. साहेबही हसले, आधी ओठांनी, मग पोटाने, आणि खिसा चाचपून उरलेली पुडी त्यांनी न मागता पत्नीच्या हातात दिली. किडेकाकांनी कानामागची पेन्सिल काढली, वहीत मोठ्या अक्षरात 'पाहुण्या' असे लिहिले आणि खाली सही केली.

"चिरडायच्या नाहीत हं," ते म्हणाले. "चिरडली की डाग पडतो. मऊ कुंचला द्या." त्यांनी एकेक मुंगी कागदावर उतरवून घेतली आणि सगळा लवाजमा मागच्या अंगणात, झाडाच्या बुंध्याशी, अदबीने नेऊन सोडला.

वैद्यबाईने दीड ओळ शुद्ध पाण्याने धुतली. एकदा, आणि मनाचे समाधान म्हणून पुन्हा एकदा. मग उरलेले सहा चौकोन समोर आले. तिने सवयीने काडी तोंडात धरली आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की हसून हसून, की गोळी उतरली म्हणून, जीभ ओली झाली आहे. दुपारच्या आत शेवटचा चौकोन उजाडला.

शनिवारी आठ वाजता मुकादमाच्या माणसांनी चित्र मोठ्या दालनात आणले. चौकटीचे लोखंडी आकडे भिंतीतल्या खुंट्यांवर बसवायचे, आणि ते बसवण्याआधी सहाही जणांनी ते वजन हातांवर तोलून धरायचे, अशी पद्धत. समोरून कोणीतरी डोळ्याने सरळ आहे का ते पाहून सांगावे लागे. ते काम वैद्यबाईचे.

ती मागे सरकत गेली. दहा पावले, पंधरा, वीस. नऊ आठवडे तिने हे आभाळ तळहाताएवढे पाहिले होते, नाकाला लागेल इतक्या जवळून. अखंड असे ते तिने एकदाही पाहिले नव्हते. रात्री झोप न येण्याचे कारण तेच होते: दहा जणांच्या तोंडांनी पुसलेले आभाळ दहा ठिगळांचे दिसले तर? मुकादमाचे गडद, मावशींचे फिके? विसाव्या पावलावर तिने मान वर केली.

ठिगळ नव्हते. वर गर्द, खाली येता येता विरळ होत, नदीच्या काठाशी जवळजवळ पांढरे, असे एकच एक निळे पसरले होते, आणि त्याच्याखाली ती चार-पाच माणसे आपल्या गाठोड्यासह उभी होती. इतक्या मोठ्या आभाळाखाली उभे राहायला मिळाले म्हणून नावेला उशीर झाला तरी चालेल, अशी. कोणाचा चौकोन कुठे संपला हे तिला, जिने प्रत्येक चौकोन लिहून ठेवला होता तिलाही, सांगता येईना. मागे साहेब आणि ग्रंथपालबाई येऊन उभे राहिले होते. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि ग्रंथपालबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवले.

"बाई, सरळ आहे का?" मुकादम चौकटीखालून ओरडला.

तिला ऐकू गेले. उत्तर द्यायचे आहे, हेही कळत होते.

"बाई! हात गळाले आमचे! डावीकडे घेऊ का उजवीकडे?"

"थांबा जरा," वैद्यबाई म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा पाहू लागली.